वाजवून घेतलेली मांजर

मखमलीवरून हात उलटा फिरवला की तिचा रंग बदलतो.

शेजारच्या चष्म्याच्या दुकानात एक म्हातारी तावातावाने सांगत होती, "लांबचं मला सगळं स्वच्छ दिसतं. समोर बसलेला माणूस तेवढा धूसर."

तोंडात खिळे धरलेल्या माणसाला हसता येत नाही.

"बाबा, आई कधी येणार?"

पँटच्या खिशात हातोडी घालून मांजर आणायला निघालेला माणूस.

फिनेलचा वास येणारी खोली, तिच्यात एक बाक, बाकावर तीन मांजरं.

त्या खोलीत हातोडी खिशातून बाहेर आली.

"अहो, हे काय?" निवाऱ्यातल्या बाई दोन पावलं मागे सरल्या. बेवारस जनावरं सांभाळायची त्यांना सवय होती, हातोडीवाल्यांची नव्हती.

"ठोकून बघतो."

"मांजराला?"

"छे हो. चौकटीला." मग त्याला वाटलं, एवढ्याने भागणार नाही. "सोफे दुरुस्त करतो मी. दिवसभर ठोकाठोक. राहायचं पण दुकानाच्या मागेच. घाबरट मांजर असेल तर टिकायचं नाही."

त्याने दाराच्या चौकटीवर हातोडी हाणली. तांबूस बोका बाकावरून उडी मारून थेट कपाटाखाली. पट्टेवाली शेपटी फुगवून बाईंच्या मागे. तिसरी, पांढरीशुभ्र, पंजा चाटत बसली होती, ती चाटतच राहिली. त्याने पुन्हा हाणली, आणखी जोरात. ती ढिम्म हलली नाही.

"हीच," तो म्हणाला.

"मडकं घ्यावं तशी वाजवून घेतलीत की!" बाई हसल्या. "पण निवड चांगली केलीत. लहान मुलांच्या घरात पिल्लू नेऊच नये. पिल्लू मुलांना ओरबाडतं, मुलं पिल्लाला पिळून काढतात. ही मोठी आहे, उचललं तरी नखं काढत नाही. मुलं केवढी आहेत?"

"थोरली दुसरीत. धाकट्याची शाळा व्हायचीय सुरू."

"आणि घरी कोण असतं त्यांच्याजवळ?"

त्याने हातोडी खिशात घातली, खिसा वरून चाचपला.

"रविवारी असतात," तो म्हणाला.

हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण बाईंनी पुढे विचारलं नाही.

*

गल्लीत त्याला सगळे सोफेवाला म्हणत. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "ऐकलं का सोफेवाले?" ऐकलेलं असायचं. उत्तर देता यायचं नाही, कारण तोंडात खिळे. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबक लावलेल्या हातोडीने उचलायचा आणि कापडावर ठोकायचा. दुसरा हात कापड ताणून धरण्यात गुंतलेला. बापाने शिकवलेली पद्धत. बापही असाच होता. आयुष्यभर त्याच्या बायकोपोरांनी त्याला मान हलवतानाच पाहिलं.

पुढे पुढे असं झालं, की खिळे नसले तरी त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. जेवायला बसला तरी मिठाची गुळणी धरल्यासारखा. बायकोने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला त्याच्या लक्षातच आला नाही. त्या दिवशी तिने मुलांचे कपडे भरले. "भिंतीशी बोलते मी," ती म्हणाली. "निदान भिंत मान तरी हलवत नाही." आणि ती आईकडे राहायला गेली. तिच्या आईचं घर बसने फार लांब नव्हतं.

दर रविवारी सकाळी ती मुलांना शटरशी आणून सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. मुलं यायची, फोमच्या ढिगावर उड्या मारायची, चिंध्यांच्या बाहुल्या करायची, आणि ऊन पायरीवर आलं की कंटाळायची. मग थोरली विचारायची,

"बाबा, आई कधी येणार?"

ती काही लावून विचारायची नाही, साधंच विचारायची. पण आठवडाभर त्याच्या कानात तेवढंच वाजत राहायचं. हा प्रश्न एका रविवारी तरी न यावा, एवढंच त्याला हवं होतं. मुलांना मांजर हवं होतं, आणि आजीला दमा असल्यामुळे तिकडे मांजराचं नाव काढायची सोय नव्हती. इकडे होती.

*

मांजरीचं नाव धाकट्याने ठेवलं. उशी.

"असं कुठे नाव असतं?" थोरली म्हणाली.

"डोकं ठेवलं की मऊ लागते. उशीच आहे ती."

पहिला रविवार तिला न्याहाळण्यात गेला, दुसरा तिला सुतळीमागे पळवण्यात. आईला त्या दिवशी पायरीवर थांबायला लागलं, कारण धाकटा निघेचना. सोफेवाल्याने मान खाली घालून खिळे ठोकले. तोंडात खिळे नसते तर तो हसला असता.

तिसऱ्या रविवारी थोरली हिरमुसून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, ती येत नाही."

"ह्‌ं?"

"मी किती हाका मारल्या. 'उशी, उशी, ये.' ती तिकडे तोंड करून बसलीय. माझ्या मैत्रिणीची मांजर नाव घेतलं की धावत येते. हिला आम्ही नको आहोत."

त्याने नकारार्थी मान हलवली.

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी गोष्ट नुकतीच लक्षात यावी तशी ती म्हणाली,

"बाबा, ही तुझ्यासारखीच आहे."

आणि ऊन अजून पायरीच्या खाली असतानाच तिने तो प्रश्न विचारला. धाकट्याने त्यात आपलीही भर घातली, "हो, आई कधी येणार?"

*

त्या आठवड्यात शेजारचा चष्मेवाला गप्पा मारायला आला होता. म्हणजे गप्पा तो मारायचा. मांजर फोमच्या गठ्ठ्यावर पाठ करून बसली होती. चष्मेवाला फळीला टेकला, फळी आधीच मोडकळीला आलेली, आणि वरचा खिळ्यांचा पत्र्याचा डबा धाडकन खाली फरशीवर आला. खिळे चहूकडे उधळले. चष्मेवाल्याच्या हातून चष्मा सुटला. समोरच्या दुकानातून कोणी तरी ओरडलं, "काय फोडलंत हो?"

मांजरीचा कानसुद्धा हलला नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मेवाला तिच्या मागे गेला, तिला हात न लावता त्याने जोरात टाळी वाजवली. पुन्हा वाजवली.

"बहिरी आहे हो ही तुमची. ठार बहिरी." त्याला हसू आवरेना. "आणि तुम्ही हिला हातोडी वाजवून आणलीत! जी पळाली ती चांगली होती की! जा, बदलून आणा."

सोफेवाला गुडघ्यांवर बसून खिळे वेचत होता.

"नको," तो म्हणाला.

*

चष्मेवाला गेल्यावर सोफेवाल्याने मांजरीला सांगितलेल्या गोष्टी, ती बहिरी आहे हे आता पक्कं ठाऊक असताना:

की मुलं गेली की दुकान जास्त मोठं वाटतं.

की धाकटा झोपेत दात खायचा, अजून खातो का, हे कोणाला विचारायचं.

की ती म्हणाली ते बरोबर होतं. भिंतीचं.

की अबोला लक्षात आला नव्हता असं नाही. लक्षात आला होता. तो सोडवायचा कसा, ते ठाऊक नव्हतं.

मांजर गठ्ठ्यावर बसून डोळे मिटत होती, उघडत होती. एवढं सलग तो आयुष्यात कोणाशी बोलला नव्हता.

*

रविवारी मुलं आली तेव्हा त्याने गालातले खिळे वाटीत काढून ठेवले. थोरलीने वाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बसा इकडे," तो म्हणाला. "उशीला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कानांनी ऐकू येत नाही. तू हाक मारतेस ती तिच्यापर्यंत पोचतच नाही. तुम्ही नको आहात म्हणून येत नाही, असं नाही ते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच कळलं नव्हतं."

"ती मोठी झाल्यावर येईल ऐकू?" धाकट्याने विचारलं.

"ती मोठीच आहे रे."

"मग तिला बोलवायचं कसं?" थोरलीचे डोळे भरून आले. आठवडाभर आपण तिच्यावर रुसलो होतो याचं तिला आता वाईट वाटत असावं.

मध्ये एका सोफ्याचा सांगाडा पडला होता. गादीखालचे पट्टे त्याने आदल्या दिवशीच ताणून ठोकले होते, ढोलाच्या कातड्यासारखे घट्ट. त्याने मांजर उचलून त्या पट्ट्यांच्या एका टोकाला ठेवली, तोंड भिंतीकडे. मग धाकट्याचा तळवा हातात घेतला आणि दुसऱ्या टोकाला पट्ट्यावर आपटला.

मांजरीने मान वळवली.

"बघितलं!" धाकटा किंचाळला. "माझ्याकडे बघितलं!"

"माझी पाळी, माझी पाळी!"

थोरलीने आपटला. मांजर उठली, पट्ट्यांवरून डुगडुगत चालत तिच्यापाशी आली आणि तिच्या मनगटाला डोकं घासून बसली. मग दिवसभर तेच. त्या सोफ्याचं काम तसूभर पुढे सरकलं नाही. दुपारी धाकट्याने शोध लावला की लाकडी पायरीवर पाय आपटला तरी ती येते, आणि मग पायरीची खैर राहिली नाही. चष्मेवाला दोनदा येऊन सांगून गेला, "अहो, माझ्या भिंतीवरचे चष्मे नाचतायत."

आई आली तेव्हा दोघंही एका सुरात म्हणाली, "एवढ्यात?"

सोफेवाल्याने तो शब्द जपून ठेवला. त्यानंतरचे रविवार असेच गेले. कोणी काही विचारलं नाही.

*

एका रविवारी संध्याकाळी मुलांची आई पायरीवर थांबली नाही, आत आली. बसायला अर्धवट खुर्ची होती, ती तिच्यावर बसली.

"बदली झालीय माझी," ती म्हणाली. "बढती आहे. लांब आहे पण. रविवारचं येणं-जाणं जमायचं नाही. सुट्ट्यांत पाठवीन."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "चांगलं झालं."

ती चमकून त्याच्याकडे बघू लागली. तो बोलला होता म्हणून.

"आई, उशी?" थोरली मागून म्हणाली. "तिकडे आजी नाहीये. तिकडे आपण तिघंच. मग उशी चालेल ना?"

"ती बाबांची आहे."

"आमच्यासाठी आणलीय! बाबा, आमच्यासाठीच आणलीस ना?"

"हट्ट करू नकोस," आई म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाली, "चालेल म्हणा. मला काही अडचण नाही. पण मी काही म्हणत नाही. तुम्हालाही सोबत आहे तिची."

धाकटा मांजरीला पोटाशी धरून उभा होता. तिचे मागचे पाय लोंबत होते आणि ती निमूट लोंबत होती. सोफेवाल्याने तिघांकडे पाहिलं. मांजर इथे राहिली तर सुट्टी लागली की मुलं धावत येणार होती. मांजर गेली तर कशाला येतील, हे त्याला सुचेना. त्याने आठवून पाहिलं. फोम, चिंध्या, पायरी. याच्यासाठी कोणी एवढ्या लांबून येत नाही.

"घेऊन जा," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी त्याने वेताच्या टोपलीला आतून फोम लावून मऊ कापड ठोकून दिलं. खिळ्याचं एकही टोक आत राहिलं नाही ना, ते स्वतःचा हात फिरवून पाहिलं. मग थोरलीला समोर उभं करून सांगू लागला.

"मागून जाऊन एकदम हात लावायचा नाही, ती दचकते. आधी समोर जायचं. रस्त्यावर सोडायची नाही, गाडीचा आवाज तिला कळत नाही. खिडकी लावून घ्यायची. झोपली असेल तर बाजूला हळू थोपटायचं, मग उठवायची. नवीन घरात घाबरेल, कपाटाखाली जाईल. जाऊ द्यायची. ओढून काढायची नाही. तिची ती येते बाहेर."

"बाबा आज किती बोलतोय!" धाकटा म्हणाला.

आई गाडीशी उभी होती. तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

गाडी वळणापर्यंत दिसत होती. चष्मेवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

"गेली का?"

"हो."

"मला म्हणायचंय, मांजर."

"ती पण. मुलांची होती."

पुढच्या रविवारी एक गिऱ्हाईक आपला निळा मखमली सोफा न्यायला आलं. त्याने पाठीवरून हात फिरवला आणि बोटं उजेडात धरली.

"हे पांढरे केस कसले हो? मांजर पाळता की काय?"

"नाही," सोफेवाला म्हणाला, आणि वाकून एकेक केस चिमटीत धरून काढू लागला.

मांजर आणली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, ती आली आहे हे अजून कोणाला ठाऊक नसताना, धाकटा अर्ध्या शटरखालून वाकून धावत आला होता आणि बाबाच्या गुडघ्याला मिठी मारून कितीतरी वेळ सोडत नव्हता. शेवटी सोफेवाल्यानेच त्याचे हात सोडवले आणि खांदे धरून त्याला मांजरीकडे वळवलं.