म्हाळसाबाईची शिवण

दादाभाऊनं लहानग्या श्रेयाच्या पोटावरचा पट्टा ओढून घट्ट केला. पोरगी पाचएक वर्षांची. त्या केशरी जाकिटात तिची हनुवटीच दिसेनाशी झाली.

“श्वास घेता येतोय ना गं?”

तिनं मान डोलावली. तिचे वडील, विमा कंपनीचे ढोबळे साहेब, काठावर उभं राहून बोट निरखत होते. दादाभाऊनं त्यांना इंजिन चालू करून दाखवलं होतं, वल्ही दाखवली होती, पाचही जाकिटं वाळूवर मांडली होती. साहेबांनी एकेक उचलून पाहिलं आणि ‘ठीक’ म्हणाले. आता राहिली होती पाण्यातली एक फेरी. त्यांनी बरं कळवलं तर विमा, आणि विमा असला तरच येडगावच्या धरणावर बोट चालवायची परवानगी. नाहीतर सुट्टीत ओझरच्या गणपतीला येणारी गर्दी काठाला बांधलेल्या बोटीत बसून नुसती बघत राहायची. जवळजवळ सगळा कळप विकून घेतलेली बोट होती ती. 

रविवार, म्हणून साहेबांनी बायको आणि मुलीलाही आणलं होतं. देवदर्शनही होईल, बोटीतही बसणं होईल.

“मी बी येते,” म्हाळसाबाई म्हणाली.

दादाभाऊ बघतच राहिला. बोट आल्यापासून त्याच्या आईनं तिला पाय लावला नव्हता. “आख्खा जन्म मेंढरांमागं हिंडले, आता ह्या तरंगत्या डब्यात बसून मरू व्हय?” असं ती चारचौघांत म्हणायची. आज मात्र नवं लुगडं नेसून, जाकिटाची गाठ स्वतःच्या हातानं मारून ती तयार होती. त्याचं कारणही तसंच होतं. पावसाळ्यात पडवीत ठेवलेली दोन जाकिटं उंदरांनी कुरतडली होती. नवी शोधायला पुण्याला जायचं म्हणता म्हणता राहिलं, आणि दादाभाऊनं ती आईपुढं टाकली. तिनं ती अशी शिवली की कुठं फाटलं होतं ते सापडेना. दादाभाऊनं वरून थापट्या मारल्या, “झ्याक! नव्याला मागं सारलं की गं आये!” म्हणाला आणि खुंटीला टांगून मोकळा झाला.

आज त्यातलं एक तिनं स्वतः घातलं होतं आणि दुसरं आपणहून पोरीसाठी निवडून दिलं होतं.

बोट निघाली. ऊन चांगलं होतं, पाणी निवांत होतं. साहेब पुढच्या टोकाला बसले होते. मागं दादाभाऊ इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून होता. मधे साहेबांची बायको, तिच्या मांडीशी श्रेया आणि समोर फळी घट्ट धरून बसलेली म्हाळसाबाई. अर्धं पाणी मागं पडलं, तेव्हा कुठं दादाभाऊचा जीव जरा भांड्यात पडला.

“किती मऊ आहे हो हिचं जाकीट,” साहेबांची बायको म्हणाली. “माझं नुसतं टोचतंय.”

म्हाळसाबाईचा चेहरा खुलला.

“मऊ असंल न्हाई तर काय! उंदरांनी आतलं समदं खाल्लं व्हतं, नुसता भुगा. म्या तो उकिरड्यावर टाकला आन् आपल्या मेंढरांची लोकर भरली, धुऊन, पिंजून. चार मेंढ्या ठेवल्यात मी अजून, समदी न्हाई इकू दिली ह्याला. गार पाण्यात माणूस गारठूनच मरतं. मंग ऊब नको व्हय आत?”

“अय्या, खरंच?” बाई हसल्या आणि त्यांनी पोरीच्या पाठीवर हात फिरवला. पुढं बसलेल्या साहेबांना इंजिनाच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही.

दादाभाऊच्या हातातला दांडा हलला आणि बोट एकदम वाकडी झाली.

लोकर! मेंढरं कातरायच्या आधी कुकडी नदीत धुवायची असतात, हे काम त्यानं लहानपणापासून केलं होतं. एक मेंढी पुरुषभर पाण्यात गेली होती एकदा. अंगावर सहा महिन्यांची लोकर. पहिल्यांदा चांगली तरंगली, त्याला वाटलं, येईल पोहत. मग लोकरीनं पाणी धरलं. त्यानं आणि बापानं दोघांनी कान धरून ओढली तरी ती वर आली नाही. ती ओढ अजून त्याच्या हातांना ठाऊक होती.

आणि नेमकं तेव्हाच वारं सुटलं. पाण्यावर सुरकुत्या आल्या, त्यांच्या लाटा झाल्या, बोटीचं नाक उचलून आदळायला लागलं. श्रेया खिदळत कडेला वाकली.

“बसवा तिला खाली!” दादाभाऊ ओरडला. आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला.

त्याच्या अंगावर एक चांगलं जाकीट होतं. आणि समोर दोघी होत्या. त्यानं आईकडं बघितलं. ती डोळे मिटून मल्हारीचं नाव घेत होती, दोन्ही हात जाकिटावर. मग त्यानं पोरीकडं बघितलं. इंजिन बारीक केलं, स्वतःचं जाकीट काढलं आणि पुढं सरकून पोरीचं सोडायला लागला.

“का रं?” म्हाळसाबाईनं डोळे उघडले. “त्याला काय झालं?”

“ढगळ व्हतंय तिला.”

“आन् तुझं काय मापाचं हाय व्हय? काढू नगं, चांगलं हाय ते.”

“गप बस गं आये!”

परक्या माणसांसमोर तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. ती पाण्याकडं तोंड करून बसली. दादाभाऊनं पट्टे आवळले, लोकरीचं जाकीट पायाखाली सरकवलं आणि बोट वळवली.

“अहो, चालवणाऱ्यानंच जाकीट काढलं?” साहेब मागं वळून म्हणाले. “आणि पलीकडं जायचं होतं ना?”

“वारं वाईट हाय साहेब. पुन्यांदा जाऊ.”

काठ येईना म्हणजे येईना. प्रत्येक लाटेला दादाभाऊ आईकडं बघायचा आणि मनात म्हणायचा, एवढा डाव पोचव रे देवा. ती पडली असती तर त्यानं उडी मारली असती, पण त्या लाटांत तिला कितपत धरता आलं असतं हे त्याला माहीत होतं. 

बोट वाळूला लागली. साहेब उतरले, पँट झटकली, हसले.

“वारं बघून परत फिरलात, हे आवडलं आपल्याला. जाकिटाचं मी काही धरत नाही. उद्याच कळवतो, सगळं ठीक आहे म्हणून. झालं तुमचं काम.”

झालं काम. दादाभाऊनं हात जोडले. साहेबांची बायको पोरीचे केस सारखे करत होती. पुढच्या रविवारी ह्याच वाळूवर दुसऱ्या कुणाचीतरी पोर उभी राहील, आणि आपली आई मायेनं तिला म्हणेल, हे घाल, मऊ हाय. तेवढ्यात आपण दोन नवी आणू की, असंही त्याच्या मनात आलं. म्हणता म्हणता एकदा राहिलंच होतं.

त्यानं बोटीतलं जाकीट उचललं आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडलं.

“हे काय?” साहेब म्हणाले. “तरंगतंय की.”

“थांबा जरा.”

जाकीट हलत राहिलं. श्रेयानं टाळ्या वाजवल्या. मग त्याची एक कड पाण्यात गेली, मग दुसरी. केशरी रंग जरा वेळ पाण्याखाली दिसला आणि मग दिसेना.

 साहेबांच्या बायकोनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. साहेबांचा चेहरा उतरला होता.

“हे... हिच्या अंगात होतं?”

“व्हय साहेब. मला बी मधी गेल्यावर कळलं. लोकर हाय आत.”

“अशी अजून किती आहेत?”

 दादाभाऊची नजर गेली तिकडं साहेबांचीही गेली. म्हाळसाबाई जाकीट घालून वाळूवर उभी होती. बुडालं त्या जागेकडं ती बघत होती. लोकर भिजली की काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं हळूच छातीवरून हात फिरवला.

“मंजी माझं बी तसंच,” ती म्हणाली.

“आये...”

“आन् तुला ठावं व्हतं तवा.”

त्यानं मान खाली घातली. साहेबांनी बॅग खांद्याला लावली आणि बायको-मुलीला घेऊन गाडीकडं चालायला लागले. दादाभाऊनं त्यांना थांबवलं नाही. म्हाळसाबाई गाठ सोडायला बघत होती. तिनंच कचकून मारलेली, सुटेना.  दादाभाऊ तिच्यापुढं वाळूत गुडघ्यावर बसला आणि गाठीला हात घातला, तर डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला ती दिसेना.

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरीला दिलंस ते बराबर केलंस,” ती म्हणाली. “रडू नगं. सोड आधी ही गाठ.”