एकूण लिमिट तेवढंच

चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे बाळीच म्हणत. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर हातात लोकांच्या जबड्यांचे साचे, आणि संध्याकाळी घरी आई. आईचं कमरेखालचं अंग गेलं होतं. तिला कुशीवर वळवणं, पुसणं, चादर बदलणं हे सगळं बाळीकडे आलं, कारण बाळीचं लग्न झालं नव्हतं. थोरल्या ताईचं झालं होतं. वाटणी एवढ्यावरच झाली होती.

ताई बँकेत होती, क्रेडिट कार्डांच्या खात्यात. महिन्यातून एकदा यायची, खुर्ची ओढून आईच्या पायाशी बसायची आणि आईला कसं वळवावं ते बाळीला सांगायची. स्वतः हात लावायची नाही. तिची कंबर नाजूक होती.

लॅबच्या मागच्या गल्लीत एक छोटा फ्लॅट विकायला निघाला आणि बाळीच्या मनानं घेतलं. तिसरा मजला, अरुंद जिना, लिफ्ट नाही. म्हणजे आईला तिथे नेता येणार नव्हतं. खरं तर त्या फ्लॅटची हीच गोष्ट बाळीला सगळ्यात आवडली होती, पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मग आईचं काय, यावरून मामा मध्ये पडले. ताईकडे लिफ्ट होती, एक खोली रिकामी होती. सगळ्यांच्या देखत ताई म्हणाली की बाळीचं घर एकदा होऊ दे, आईला मी नेते. मामांना भरून आलं.

बाळीनं बयाणा दिला. कर्जाचा अर्ज करायच्या आधी ताईनंच तिला बोलावून घेतलं, तुझे कागद एकदा नजरेखालून घालते म्हणाली. बाळीकडे एकाच बँकेची दोन कार्डं होती. एक पहिल्या नोकरीतलं, जुनं, कपाटात पडून असलेलं. दुसरं रोजच्या वापरातलं. आईचा वरखाली होणारा पलंग, औषधं, डायपर, सगळं त्या दुसऱ्यावर. त्याची बाकी कधी पूर्ण फिटतच नव्हती, पण लिमिट भरपूर असल्यामुळे बाकी त्यात जेमतेम पाव भागाइतकी दिसायची.

ताई म्हणाली, "हे लिमिट उचल आणि जुन्या कार्डावर टाक. कर्ज देणारे जुनं कार्ड बघतात. त्याच्यावर मोठा आकडा दिसला की बरं असतं."

बाळीनं विचारलं, यानं काही बिघडणार तर नाही ना?

"बिघडायचंय काय? या खिशातलं त्या खिशात. एकूण लिमिट तेवढंच राहतं."

हे खोटं नव्हतं. बाळीनं बँकेला फोन करून लिमिट हलवून घेतलं. त्यासाठी बँकेनं तिचा क्रेडिट रिपोर्ट पुन्हा तपासला आणि ती चौकशीही रिपोर्टवर चढली. रोजच्या कार्डावर आता आईच्या खर्चाच्या बाकीपुरतंच लिमिट उरलं. ताईनं त्या दिवशी तिला जेवायला थांबवून घेतलं, आग्रह करकरून वाढलं.

कर्ज नामंजूर झालं. ज्या बाईनं अर्ज तपासला होता ती तशी भली होती. तिनं बाळीला समोर बसवून नीट समजावलं. एकूण लिमिट तेवढंच असलं तरी प्रत्येक कार्ड वेगळंही पाहिलं जातं. तुमचं एक कार्ड रिकामं आणि दुसरं गळ्यापर्यंत भरलेलं, म्हणजे हात तंगीत आहे असा अर्थ निघतो. स्कोअर घसरला तो त्यानं, वर ती ताजी चौकशी. लिमिट परत फिरवून घ्या, काही महिने थांबा, होईल सगळं ठीक. मग कागद आवरता आवरता तिनं सहज विचारलं, "असं उलटं करायला सांगितलं कुणी तुम्हाला? कार्डांमधलं ज्याला थोडंफार कळतं तो कुणी असं सांगणार नाही."

फ्लॅट दुसऱ्यानं घेतला. बयाणा बुडाला.

पुढच्या खेपेला ताई आली तेव्हा बाळी आईला भरवत होती. हातातली वाटी खाली न ठेवता तिनं विचारलं की तुला हे माहीत होतं का. ताईनं आढेवेढे घेतले नाहीत. पर्स मांडीवर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "तुझं घर झालं असतं तर ही माझ्याकडे आली असती. मामांसमोर मला नाही म्हणता येत नव्हतं."

आई दोघींच्या मधे पडलेली होती. तिचे कान शाबूत होते. तिनं तोंडातला घास गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं नाही.

बाळी भांडली नाही. मामांकडेही गेली नाही. तिनं लिमिट परत फिरवलं, ओव्हरटाइम करून कार्डाची बाकी उतरवली आणि वाट पाहिली. त्या काळात ती आईचं सगळं वेळेवर करायची, पण तिच्याशी बोलायची बंद झाली. आईनं दोन-चारदा बोलणं काढून पाहिलं, मग तीही गप्प राहू लागली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट निघाला. आधीच्यापेक्षा महाग, जिना आणखी एक मजला जास्त. या वेळी कर्ज मंजूर झालं. ताईला तिनं कळवलं नाही.

किल्ली हातात पडली त्या सकाळी बाळीनं ॲम्ब्युलन्स बोलावली. आईला धुतलेलं पातळ नेसवलं, केस विंचरले, औषधांची पिशवी तिच्या पोटावर ठेवली. कुठे नेतेस हे आईनं विचारलं नाही.

ताईच्या दाराशी भावोजी आले. स्ट्रेचर बघून त्यांचा चेहरा उतरला. ते आत गेले. आतून ताईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, मी घरात नाही म्हणून सांगा. भावोजी परत आले आणि ताई घरात नाही म्हणाले. स्ट्रेचर धरलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकानं विचारलं, आजींना ठेवायचं कुठे?

"इथंच," बाळी म्हणाली. "दारात."

भावोजींनी नाइलाजानं बैठकीतली सतरंजी ओढून आणली. आईला उंबऱ्याच्या आत, चपलांच्या स्टँडजवळ उतरवलं. ताई बाहेर आली नाही. बाळी वाकून पिशवीतल्या गोळ्यांच्या वेळा भावोजींना सांगू लागली आणि ते उगाचच मान हलवत राहिले.

सांगून झाल्यावर आईनं तिचा हात धरला. कित्येक आठवड्यांनी ती बोलली.

"हप्ता झेपेल ना गं तुला?"

"झेपेल," बाळी म्हणाली. हात सोडवून घेतला आणि लिफ्टचं बटण दाबलं.