कुत्र्याचं भुंकणं लिहून घेणारा ब्राउझर

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला त्याच्या अकलेची काळजी वाटेल. पण माझं घड्याळांचं दुकान आज उघडं आहे आणि शेजारचा शिंपी, समोरचा औषधवाला माझ्याच बाकावर बसून माझाच चहा ढोसताहेत, ही सगळी एका ब्राउझरच्या नव्या व्हर्जनची कृपा.

तर त्या दोघांना मी सांगत होतो. कानातलं हे यंत्र अलीकडचं. त्याआधी काही वर्षं मी ठार बहिरा होतो; ढोल वाजला तर पोटात कळायचा. पण बहिऱ्या घड्याळजीला कोण विचारतो? म्हणून गिऱ्हाइकाचं घड्याळ मी कानाजवळ धरायचो, डोळे मिटायचो आणि गंभीरपणे मान हलवायचो. टिकटिक कळायची ती जबड्याच्या हाडाला टेकवून. बायकोला शपथ घातली होती, बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

"साऱ्या गल्लीला ठाऊक होतं," शिंपी म्हणाला.

"मग सांगायचं नाही का?"

"ओरडून ओरडून सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरोबर."

अडचण आक्काची होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राहते दूरच्या शहरात. हे दुकान वडिलांनी तिच्या नावावर केलं, कारण माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. माणसाची पारख होती त्यांना. दर रविवारी ती ब्राउझरमधून व्हिडिओवर भेटते. मी आळीपाळीनं "हो", "बरोबर" आणि "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणायचो. एवढ्यावर अख्खा संसार निभतो, मग बहीण का निभू नये?

पण ती विचारणार, "गुडघा दुखतोय का अजून?" आणि मी म्हणणार, "तू म्हणशील तसं." असं फार झाल्यावर तिनं ओळखलं, धाकट्याचं डोकं फिरलं. तिनं बायकोला कळवून टाकलं की येत्या रविवारी एकदा बोलून बघते, नाहीतर दुकानाला कुलूप. बायकोनं ते माझ्या कानात इतक्या जोरात सांगितलं की शिंप्याच्या हातातली कात्री पडली.

"तेवढं खरं आहे," शिंपी म्हणाला.

रविवारी संगणक लावतो तो काय, न विचारता नवं व्हर्जन येऊन बसलेलं. नव्या सुनेनं स्वयंपाकघर लावावं तसा थाट! सगळं लखलखीत आणि एक वस्तू जागेवर नाही. मागे जायचा बाण भलतीकडे, माझी नेहमीची पानं कुठल्याशा तीन ठिपक्यांत कोंबलेली. ब्राउझर चपळ मात्र इतका, की मी बोट उचलायच्या आत पान उघडायचा आणि मी चुकीचं पान मागणार असलो तर आधीच नाही म्हणायचा.

"अहो, काहीतरीच," औषधवाला म्हणाला.

आक्का पडद्यावर आली, तिचे ओठ हलू लागले आणि मला घाम फुटला. आवाज वाढवायचं बटण शोधताना भलत्याच चौकोनावर बोट पडलं. त्यासरशी खाली टपोरी अक्षरं धावू लागली. आक्काचं बोलणं! तिच्या घरचं कुत्रं भुंकलं, तर तेसुद्धा खाली आलं, "कोण आहे तिकडे?"

"कुत्र्याचंही लिहितो?" औषधवाल्यानं विचारलं.

"तुमच्यापेक्षा शुद्ध."

मग परीक्षा सुरू झाली. खाली आलं, "धाकट्या, आज वार कोणता?"

म्हटलं, "रविवार. आणि तुझ्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आहे."

"वडिलांना काय आवडायचं नाही?"

"मी."

आक्का हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. अक्षरं आली, "मग इतके दिवस वेड्यासारखा का बोलत होतास?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "आक्का, मला ऐकू येत नाही."

बहिऱ्याच्या हातात घड्याळांचं दुकान ठेवायचं की नाही, हा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. माझी नजर खालच्या रिकाम्या पट्टीवर. रोज संगणक लावताना मी त्या व्हर्जनला हात जोडतो ते नुसत्या अक्षरांसाठी नाही, त्यानं पुढे जे केलं त्यासाठी. आक्काचे ओठ मिटलेले, माझेही. बायको माझ्या मागे लसूण सोलत बसलेली, तिच्या तोंडून तर ब्रही नाही. आणि ब्राउझरला माझी दया आली बघा. त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलं, "दुकान राहू द्या त्यांचं. घड्याळ जबड्याला लावून बसतात तेव्हा किती सुखात दिसतात. माझ्यासाठी राहू द्या." आक्कानं वाचलं की ऐकलं कोण जाणे, पण मान हलवली. म्हणाली, आधी कानाचं यंत्र घे.

औषधवाल्यानं कप खाली ठेवला. आतून बायको किटली घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"खोटं," ती म्हणाली. "ब्राउझर कशाला बोलेल? ते मी बोलले होते."