बाबा चांगलाच पाय का बांधतात?

मंगळवारी शिवऱ्याला हायवेकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणूस मावत नव्हता. आत ऊबवाले बाबा पायात देवी उतरवत होते. मी राजगडाखालच्या पाली गावची नर्स. मला देवीपेक्षा गेनूची काळजी. राजगडावर ट्रेकवाल्यांच्या पिशव्या वाहून घर चालवणारा हा माणूस. साखरेच्या आजारानं त्याचा डावा पाय गार पडला होता, अंगठा काळवंडत होता. महिनाभर मी "पुण्याला चला" म्हणून घसा कोरडा केला. तो इथं अकरा मंगळवारांचा नेम धरून बसला होता. आज नववा.

बाबांनी लाल कापडाचा पट्टा गेनूच्या उजव्या मांडीला करकचून आवळला.

"महाराज, दुखतो तो डावा," मी म्हटलं.

"डावा रुसलाय, पोरी! रुसलेल्याची समजूत काढाया भाऊच धाडावा लागतो."

माना डोलल्या. पाय पांढराफटक पडला. पाच मिनिटांनी पट्टा सुटला, आणि पाय लालबुंद, गरम!

"आली, देवी आली!" गेनूची बायको मंगल रडू लागली.

मी पट्टा उचलला. कापडाखाली टायरची ट्यूब निघाली. तीच माझ्या दंडाला तेवढाच वेळ आवळून सोडली. हात तसाच लाल झाला.

"रक्त अडलं की तिथलं मांस उपाशी राहतं," मी सांगितलं. "मग ते जागच्या जागी द्रव्यं सोडतं, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. पट्टा सुटला की रक्ताचा लोंढा येतो, आणि थोड्या वेळात ओसरतो. डाव्या पायाची मोठी वाहिनीच तुंबलीय. तिथं लोंढा येणार कुठून? म्हणून हे चांगलाच पाय बांधतात!"

बाबांनी डोळे मिटून घेतले. मंगलनं माझ्या लाल हाताला कपाळ टेकवलं.

"शिस्टर, तुमच्यातबी देवी हाय की!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

दहावा मंगळवारही झाला. मग गेनूला ताप भरला, तेव्हा कुठं त्याला पुण्याला नेलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भेटायला गेले तर मंगल म्हणाली, "एकच मंगळवार ऱ्हायला हुता. घाई केली आमी." मी वाद घातला नाही. दमले होते.

शेडपुढची गर्दी वाढतेच आहे. माझं कोण ऐकणार, तरी सांगते. पाय गार पडला, बोट काळवंडलं तर वार बघू नका, दवाखाना गाठा. आणि कुणी चांगला पाय लाल करून दाखवला, तर एवढंच म्हणा: दुखरा लाल करून दाखवा.