सगळ्या अर्जांत एकच मुलगी

दाजींनी मला नोकरीला लावलं. हे ते चहाला जाताना सांगतात, चहा पिताना सांगतात आणि कप खाली ठेवतानाही सांगतात. ताईचा नवरा तोच माझा साहेब, त्यामुळे घरीदारी माझी सुटका नाही. आमच्या कंपनीने जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजसाठी प्रवेशाची साइट बनवली होती. जो आधी अर्ज करेल त्याला आधी जागा, असा तिथला नियम. आणि लहानपणापासून गल्लीतल्या मांजरांच्या पायांना पट्ट्या बांधत आलेली माझी भाची त्याच कॉलेजवर डोळे लावून बसली होती.

साइट उघडायच्या आधी गर्दीची चाचणी घ्यायची होती. त्यासाठी एक टूल असतं. ते हजारो खोटे विद्यार्थी तयार करून एकदम अर्ज भरायला सोडतं, आणि साइट टिकते की कोसळते ते आपण बघायचं. सरळ काम. पण दाजींनी ते स्वतः करायला घेतलं, आणि नावाच्या रकान्यात लेकीचं नाव, तिचीच जन्मतारीख, तिचाच परीक्षा क्रमांक ठोकून दिला.

"अहो दाजी, सगळ्यांचं नाव एकच कसं असेल?" मी म्हटलं. "टूलमध्ये फंक्शन्स तयार आहेत की. नावाच्या जागी एक लिहायचं, क्रमांकाच्या जागी दुसरं. मग टूल दर वेळी आपलं आपण नवं नाव, नवा क्रमांक घालतं."

"लोड तो लोड," दाजी म्हणाले. "धक्का मारणाऱ्याचं नाव कोण विचारतं? आणि खरा डेटा लागतो म्हणतेस ना? माझ्या मुलीहून खरं काय आहे?"

मी ऐकलं नाही. चाचणीसाठी ठेवलेल्या साइटवर फंक्शन्स घालून दाखवली. वेगवेगळ्या नावांची गर्दी येताच साइट धापा टाकायला लागली आणि पडद्यावरचा आलेख लालभडक झाला. दाजींनी आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघ, तुझ्या फंक्शनने साइट बिघडवली."

थर्मामीटर फोडला की ताप उतरतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. फंक्शन्स गेली, लेकीचं नाव परत आलं. चाचणीची साइट मुळातच दुबळी आहे म्हणून त्यांनी थेट खऱ्या साइटवर चाचणी चालवली, तीही उघडण्याच्या आदल्या दिवशी. आलेख हिरवागार. उत्तरं इतकी झटपट यायला लागली की मलाच शंका आली.

"काय उत्तर येतंय ते एकदा उघडून बघू या का?"

"वेळेत येतंय ना? मग झालं."

"निदान या नोंदी तरी पुसू या."

"हिरव्याला हात लावायचा नसतो," ते म्हणाले, आणि रिपोर्टवर सही ठोकून कॉलेजला पाठवून मोकळे झाले. मला असा संताप आला होता म्हणून सांगू. पण पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

दुसऱ्या दिवशी साइट उघडली आणि बसली. सगळ्या मुलांच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. फक्त ताईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, भाचीला झटक्यात उत्तर आलं. दाजींची कॉलर ताठ झाली.

मी पुढे वाकून वाचलं. तुमच्या नावाने एकाहून अधिक अर्ज आले आहेत. फसवणुकीच्या संशयावरून हे नाव यंदा बंद करण्यात येत आहे.

आदल्या दिवशी हेच उत्तर हजारो वेळा आलं होतं. उत्तर किती लवकर आलं एवढंच टूल मोजतं. ते उत्तर म्हणजे दारातून हाकलणं आहे हे वाचायला माणसं लागतात. भाचीच्या तोंडाकडे मला बघवेना.

बाकीच्या मुलांना कॉलेजने नवा दिवस दिला. आम्ही तिघं प्रवेश विभागात गेलो. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. वरपासून खालपर्यंत भाचीच भाची.

"यातली तुमची मुलगी कुठली?" बाईंनी विचारलं. हसल्याही नाहीत.

"चाचणी हिने केली," दाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "माझी मेहुणी. मीच लावलंय हिला नोकरीला."

"रिपोर्टवर सही तुमची आहे," बाई म्हणाल्या. "चाचणी चुकीची होती आणि हे सगळे अर्ज तुम्ही टाकलेत, असं लिहून द्या. आज लिहिलंत तर नाव आज उघडतो."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. असं लिहिलं की साहेबकी गेली, हे त्यांना कळत होतं. मग ते लेकीकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "आपण दुसरं कॉलेज बघू या का? जनावरांत काय एवढं आहे?"

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीने टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि बापाच्या हातात दिलं.

"या वेळी तुमचं नाव घाला, बाबा."