स्वच्छ रिपोर्ट

कल्लप्पा सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर होता. गल्लीतले लोक त्याला डॉक्टरच म्हणत आणि हा गडीही कधी कुणाला दुरुस्त करत नसे. पण दिव्याखाली अंधार असतो, तो असा.

त्याची बायको सिद्धम्मा न्हाणीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. हाडाच्या डॉक्टरांनी मोडका गोळा काढून स्टीलचा बसवला. दोन महिन्यांत बाई काठी टाकून सिद्धेश्वराला जाऊन आली. मग खुबा ठणकू लागला, अंगात कणकण राहू लागली.

डॉक्टर म्हणाले, "गोळा सैल झाला असेल, नाहीतर आत जंतू शिरले असतील. सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासू. जंतू आत्ताच सापडले, तर उघडून धुता येईल, पाय वाचेल. घरी काही औषध चालू आहे का?"

"न्हाय साहेब," कल्लप्पा म्हणाला.

धडधडीत खोटं. पहिल्या ठणक्यापासून तो तिला टेट्रासायक्लीनच्या, म्हणजे जंतू मारायच्या, कॅप्सूल देत होता. आपल्याच डोक्यानं औषध दिलं म्हटलं तर मोठे डॉक्टर हसतील, ही एक भीती. आणि सुई टोचायच्या आधी तर त्यानं डोस दुप्पट केला. पाहुणे यायच्या आधी आपण अंगण झाडून घेतो की नाही? रिपोर्ट कसा स्वच्छ यायला हवा!

तसाच आला. पाण्यात जंतू सापडले नाहीत. कल्लप्पानं गल्लीत पेढे वाटले.

पाच महिन्यांत तीनदा पाणी काढलं, तिन्ही वेळा अंगण झाडलेलं. रक्ताची तपासणी बिघाड दाखवत होती, पाणी मात्र काहीच बोलत नव्हतं. डॉक्टर वाट पाहत राहिले. शेवटी जुन्या टाक्यांतूनच पू फुटला. उघडून पाहिलं, तर हाड कुजलेलं. गोळा काढावा लागला आणि दुसरा बसवायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. "कल्लप्पा, माझं चुकलं. औषध चालू असलं की जंतू दबतात, तपासणीत दिसत नाहीत. पण तुमच्या घरी तर औषधच नव्हतं. मीच आधी उघडायला हवं होतं."

आता तरी बोलायचं! पण झाकली मूठ सव्वा लाखाची. कल्लप्पा मान खाली घालून उभा राहिला, आणि तो भला माणूस दोष आपल्या डोक्यावर घेऊन जिना उतरला.

खाटेवर सिद्धम्माचा पाय चार बोटं आखूड पडला होता. तो आता तिचा भार कधीच घेणार नव्हता.

"अहो, आजची गोळी राहिली की," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरला सांगू नको म्हनलात, म्या न्हाय सांगितलं. तुमी होता म्हनून एवढे म्हैने तरी पाय टिकला."

कल्लप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिद्धम्मानं गोळीसाठी तोंड उघडलं.