मावशीचा उजवा हात

तडजोडीच्या खोलीत एक लांब टेबल, सहा खुर्च्या, पाच माणसं, पाण्याचा एक जग आणि एक पोलादी कोनमापक होतं. सहावी खुर्ची मावशीच्या पिशवीने पटकावली होती.

मावशी घरांची छतं रंगवायची. लस टोचणाऱ्याने सुई दंडात न देता फार वर, खांद्याच्या सांध्यालगत दिली आणि तेव्हापासून उजवा हात वर जाईना, असा तिचा दावा. दवाखान्याच्या विमा कंपनीचा वकील चूक कबूल करत नव्हता, पण खटला लांबवण्याचीही त्याला हौस नव्हती. शेवटी मध्यस्थबाईंनी तोड काढली. सह्यांच्या आधी डॉक्टरांनी हात मोजायचा. नव्वद अंशांच्या आत अडला तर पूर्ण भरपाई, पुढे गेला तर निम्मी.

मावशीची वकील म्हणजे तिची सख्खी भाची. असं अशील मिळायला नशीब लागतं, आणि सोसायला त्याहून जास्त. दावा चालू असतानाच मावशी दुसरा डोस डाव्या हातात घेऊन आली. भाचीने कपाळावर हात मारला, तर म्हणे, माझं भांडण सुईच्या जागेशी आहे, लशीशी नाही. शिवाय भिंतीवर बोटं सरकवत हात चढवण्याचा रोजचा व्यायाम. मोजणी होईपर्यंत तो जरा बंद ठेवावा, असं भाचीने चाचरत सुचवून पाहिलं.

"हात माझा आहे गं, दाव्याचा नाही," मावशी म्हणाली. "आणि पुढे छतं काय तू रंगवणार?"

डॉक्टरांनी कोनमापकाची एक पट्टी मावशीच्या बरगडीलगत धरली, दुसरी दंडाबरोबर फिरती ठेवली. अडेल तिथे थांबा, म्हणाले.

हात निघाला. खांद्याच्या उंचीला पोचायच्या जरा आधीच मावशीचे ओठ आवळले गेले. तिथे थांबली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. समोरच्या वकिलाने तर पेनाचं टोपणही काढलं होतं. थांब ना, असं भाचीच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या चेहऱ्याकडे पाहून तिला ते म्हणवेना.

मावशीच्या कपाळावर घाम आला. हात आणखी वर गेला आणि मग खरोखरच अडला.

"आता नाही जात," ती म्हणाली.

डॉक्टर वाकले, दोनदा पाहिलं आणि मध्यस्थबाईंना आकडा सांगितला.

एकशे चार अंश.